गप्प नमुना

१० फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडणार असशील, तर आधी एवढं एक वाक्य वाच: तुला केमो लागणार नाही.

आता फाड हवं तर.

नाही ना फाडलंस? मग नीट बस आणि वाच. वहिनीने मला फोन केला होता. तिच्यावर डाफरू नकोस. सात वर्षांत बिचारीने एकदा केला, तोही तू दुकानात असताना, तोही कुजबुजत. शेवटी म्हणाली, "तू परत फोन करू नकोस गं, त्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील. पत्र लिही. पत्र आलं की आधी चार शिव्या देतात, पण वाचतात." म्हणून हे पत्र.

तिने सांगितलं ते असं. सतरा जानेवारीला तुझं ऑपरेशन झालं. मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा काढला. गाठ अख्खी निघाली, बाजूच्या ग्रंथींपर्यंत पोचलेली नव्हती. आता केमो द्यायची की नाही यावर तुझा सर्जन अडलाय. दिली तर सहा महिने हाल, नाही दिली तर जिवाला घोर. तेव्हा तो म्हणाला, एक चाचणी करू आणि ठरवू. ती चाचणी या भागात एकाच प्रयोगशाळेत होते. कुठल्या, ते तुला कळलं असेलच. तुझी गाठ माझ्याच टेबलावर आली, दादा.

तू म्हणायचास, बारकी काय करते तिथे, काचा पुसते. तर ऐक, काय करते ते. शरीराच्या सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात, पण सगळी सारख्या आवाजात बोलत नाहीत. काही ओरडतात, काही कुजबुजतात, काही तोंडच उघडत नाहीत. गाठीतली कुठली जनुकं किती जोरात बोलतायत, ते आमचं यंत्र ऐकतं. अशी बारा जनुकं आहेत. त्यावरून शंभरपैकी एक आकडा निघतो. पन्नासाच्या वर गेला तर गाठ परत येण्याची भीती मोठी. मग केमो घ्यायचीच, आणि ऑपरेशनपासून आठ आठवड्यांच्या आत सुरू करायची, नंतर तिचा उपयोग कमी होत जातो. तिसाच्या खाली असला तर उगाच हाल करून घेण्यात अर्थ नाही.

तुझा आकडा चौदा आहे. चौदा!

मी हे तुला सांगायला नको होतं. रिपोर्टवर आमच्या प्रमुख मॅडमची सही व्हायची आहे आणि तो आधी डॉक्टरांकडे जातो, घरच्यांकडे नाही. कळलं तर माझी नोकरी जाईल. जाऊ दे. नमुन्यावर फक्त नंबर असतो. तो तुझा आहे हे मला आकडा निघाल्यावर कळलं, अगदी योगायोगाने. कळल्यावर गप्प बसणं मला जमलं नाही. बाबांच्या वेळी गप्प बसले, त्याची सात वर्षं मोजतेय.

तेव्हा दर रविवारी तू फोनवर विचारायचास, "बाबा कसे आहेत?" आणि बाबा समोर बसून मला खुणेने सांगायचे, नको सांगूस. त्याचं दुकान आत्ता कुठे उभं राहतंय, धावत येईल वेडा. मी म्हणायची, "सगळं ठीक आहे." त्यांच्या पोटातला कॅन्सर तोवर यकृतात गेला होता. तू आलास तेव्हा त्यांनी तुला ओळखलंही नाही. तू दारात उभा राहून म्हणालास, "तुझ्या तोंडचं 'ठीक आहे' मला जन्मात परत ऐकायचं नाही." बरोबरच होतं तुझं. तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

पण आज तोच शब्द परत वापरते आणि माझ्या हाताने लिहून देते. सगळं ठीक आहे, दादा. या वेळी खरंच.

बारकी


१७ फेब्रुवारी

दादा,

पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. अर्धा चहा पायावर सांडला तरी मला कळलं नाही. तुझ्या चार ओळी मी इतक्यांदा वाचल्यात की पाठ झाल्यात. बघ: "बारके, पत्र मिळालं. चौदा हा आकडा दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. तुझं अक्षर एवढं मोठं कशाने झालं? जवळचा नंबर लागला असणार. डोळे तपास आणि नंबर कळव."

सात वर्षांनी भाऊ बोलला आणि काय बोलला, तर डोळे तपास! चष्मेवाला तो चष्मेवालाच. मी इतकी हसले की शेजारीण बघायला आली, काय झालं म्हणून. तोवर मी रडत होते. तिला काही समजेना.

खरं सांगते. चाळिशी लागून मला तीन वर्षं झाली. पेपर वाचताना हात लांब करते, आता हातही पुरत नाही. सुईत दोरा ओवायचा तर बाल्कनीत उन्हात जाते. कामावर भिंगाचा दिवा आहे, त्यावर निभावते. मॅडम चष्मा कर म्हणून सांगून दमल्या. पण आपल्या घरात चष्मा कुणी दुसऱ्या दुकानातून केलाय का कधी? बाबांनी चष्म्यांचंच दुकान घातलं, तूही तोच धंदा धरलास. म्हटलं, दादा बोलेल तेव्हा त्याच्याकडूनच करून घेईन, नाहीतर आंधळी होईन. हो, हट्ट. तू काही कमी हट्टी नाहीस.

काल तपासले. दोन्ही डोळ्यांना दोन. फ्रेम तू ठरव, पण ती मास्तरणीसारखी काळी नको.

रिपोर्ट अजून गेलेला नाही. तुझ्या सर्जनने विचारलं तर सांग, तिकडे गर्दी आहे. गर्दी आहेच. शिवाय मॅडमना प्रत्येक आकड्यामागची बारा जनुकं एकेक करून बघायची सवय आहे. परवा तुझ्यावर अडल्या. म्हणाल्या, "हा नमुना फार गप्प आहे." मी म्हटलं, गप्प असला तर चांगलंच ना? त्या म्हणाल्या, "गाठ म्हटली की थोडी तरी कुरकुर करते. ही शिस्तीत बसल्यासारखी बसली आहे." आणि कागद बाजूला ठेवला. त्यांचं असंच असतं, दर दहांतला एक नमुना त्या बाजूला ठेवतात. आठांतला एक म्हण फार तर.

तू काळजी करू नकोस. मीही करत नाही.

जेवण वेळेवर घेतोस ना? टाके पूर्ण सुकलेत का? वहिनीला म्हणावं, आता तिला कुजबुजायची गरज नाही.

बारकी


२५ फेब्रुवारी

दादा,

तू सही कशाला केलीस?

तुझं पत्र हसत हसत वाचत होते आणि तिथे येऊन थांबले. "सर्जनला सांगितलं, माझी बहीण त्याच प्रयोगशाळेत आहे, तिने स्वतः काम केलंय, केमो नको. नकाराच्या कागदावर सही करून आलो. तो म्हणत होता रिपोर्ट येऊ द्या. मी म्हटलं, मला घरचा रिपोर्ट आलाय." अरे, थांबायचं होतंस ना आठ-दहा दिवस! त्या डॉक्टरांना काय वाटलं असेल? तुझी घाई कधी जायची?

चिडले म्हणून रागावू नकोस. माझ्यावर एवढा विश्वास टाकलास, आणि मी अशी ओरडते आहे. पण दादा, मी डॉक्टर नाही. मी गाठ खरवडते, अर्क काढते, यंत्रात घालते. माझ्या सांगण्यावरून कागदांवर सह्या करत जाऊ नकोस.

तुला एक सांगायचं राहिलंय. नमुना तुझा आहे हे मला योगायोगाने नंतर कळलं, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. तसं नाही. वहिनीचा फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी नमुन्यांचा खोका उघडला. डब्यांवर नंबरच असतात, पण आतल्या फॉर्मवर वय असतं, ऑपरेशनची तारीख असते, सर्जनचं नाव असतं. पहिल्या मिनिटात ओळखला मी तुला. जवळच्या माणसाचा नमुना आला तर हात वर करायचा आणि दुसऱ्याकडे द्यायचा, असा आमच्याकडे नियम आहे. मी हात वर केला नाही. मला वाटलं, बाबांच्या वेळी हातून काही झालं नाही, निदान दादाचं काम तरी दुसऱ्या कुणाच्या हातात नको. माझ्याइतकं जपून कोण करणार?

एवढंच. फार मोठं काही नाही. पण खोटं लिहिलं होतं आणि ते मनाला टोचत होतं.

मॅडमनी आज विचारलं, "दुसरी नजर कुणाची होती?" आमच्याकडे गाठ खरवडायच्या आधी दुसऱ्या माणसाने गाठीचा काप असलेली काच नीट ठेवली आहे ना ते बघून सही करायची असते, त्याला आम्ही दुसरी नजर म्हणतो. मी सोबतिणीचं नाव सांगितलं. माझ्या शेजारच्या टेबलावर असते ती, पंधरा वर्षं बरोबर आहोत. सही तिचीच आहे. मॅडमनी मान हलवली आणि गेल्या.

दुसरं काही लिहायचं होतं, आठवत नाही. ऊन फार वाढलंय. टोपी घालत जा.

बारकी


४ मार्च, जेवणाच्या सुट्टीत

दादा,

चष्मा आला! काळी फ्रेम नको म्हटलं तर तू लाल पाठवलीस. या वयात! सोबतीण म्हणाली, "अगं बाई, नवरी दिसतेस." नाकावर असा बसलाय की माझं नाक अजून तुझ्या लक्षात आहे म्हणायचं. आणि तो डबीतला कागद: "लावलास की आधी आरशात बघू नकोस, घाबरशील. हात बघ." बघितले. मेले, किती सुरकुतलेत! हे कधी झालं? तीन वर्षं मी या हातांनी काम करत होते आणि ते मला दिसतच नव्हते.

सगळं कसं लख्ख दिसतंय. बाटलीवरची बारीक अक्षरं, टेबलाच्या कडेला साचलेली धूळ, काचांवर कोरलेले नंबर. काचेच्या कोपऱ्याला असते ती खाचसुद्धा. आता जेवायला जाते, आल्यावर उरलेलं लिहिते.

त्याच दिवशी, संध्याकाळी पाच

दादा, तू एकदा डॉक्टरांशी बोलून घेशील का? सहज म्हणते. सही मागे घेता येते, मी विचारलंय. घेतली केमो तर काय बिघडतं, थोडे केस जातील, तसे तुझे राहिलेत कुठे? ते म्हणत असतील तर घेऊन टाक. माझ्या आकड्यावर


६ मार्च

दादा,

वरचं पत्र मी पोस्टात टाकलं नव्हतं. दोन्ही एकाच पाकिटात घालते, म्हणजे मी कशी चुळबुळत होते ते तुला दिसेल.

काल मी दुकानात फोन केला. तू "कोण?" म्हणालास. मी "दादा" म्हटलं. सात वर्षांनी तुझा श्वास ऐकला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "चष्मा छान बसला." तू हसलास. "बसणारच, कुणी केलाय!" म्हणालास, गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवलास. मग मी आणखी दोनदा नंबर फिरवला आणि तू उचलायच्या आत ठेवला. माझी जीभच रेटली नाही. लिहिणं जमेल असं वाटतंय, म्हणून लिहिते. पहिलं वाक्य परत सगळ्यात आधी घालते.

तुला केमो लागणार आहे. मी चुकले.

कशी, ते तुला दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळेल, कारण तू काचेतला माणूस आहेस. गाठीचा तुकडा मेणात बसवलेला असतो. त्याचे कागदाहून पातळ काप काढून काचांवर घेतात. त्यातल्या एका काचेला रंग देतात. डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघून तिच्यावर पेनने गोल काढतात, इथे गाठ आहे, एवढंच खरवडा. मी ती रंगीत काच उजेडाच्या पेटीवर ठेवते, तिच्यावर बिनरंगी काचा एकेक करून ठेवते आणि गोलाच्या आतलं पात्याने खरवडून घेते. तुझ्या तुकड्यात गाठ एका टोकाला होती आणि दुसऱ्या टोकाला चांगलं आतडं.

मी रंगीत काच पालथी ठेवली. तू म्हणायचास ना, भिंग उलटं बसवलं की गिऱ्हाईकाला पायरी भलतीकडे दिसते. तसंच झालं. गोल या टोकाचा त्या टोकाला गेला. खाच उजवीकडे वर यायला हवी होती, ती डावीकडे आली असणार. मला दिसली नाही. डोळ्यांना चाळिशी होती आणि वर पाणी आलेलं होतं, कारण समोर तू होतास. मी बावीस वर्षांत एकही काच पालथी ठेवलेली नाही. पहिली ठेवली ती तुझी.

आणि दुसरी नजर? सोबतिणीला बोलावलं असतं तर तिने माझे डोळे बघून विचारलं असतं, कुणाचा आहे गं? मग काम काढून घेतलं असतं. म्हणून मी तिला बोलावलं नाही. काम उरकल्यावर कागद तिच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "सही कर गं, माझं झालंय." तिने मान वर न करता केली. परवा मॅडमनी विचारलं तेव्हा ती ढसाढसा रडली. मी नाही रडले. मी तिथे उभी राहून तिचं रडणं बघत होते.

चष्मा लावून आले त्या दुपारी मी जुन्या काचांचा ट्रे काढला. कशासाठी, मला विचारू नकोस. मॅडमचं "फार गप्प" माझ्या डोक्यातून जात नव्हतं. खरवडलेल्या काचा आम्ही टाकत नाही. तुझी काच उजेडावर धरली. जिथे भोक पडायला हवं होतं तिथे गाठ तशीच होती, हातही न लागलेली. भोक चांगल्या आतड्याला पडलं होतं. यंत्राने चांगल्या आतड्याचा आवाज ऐकला आणि चौदा म्हणालं. ते बिचारं खोटं बोललं नाही.

मी स्टूल धरून खाली बसले.

मग मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. तुला आधी पत्र लिहिलं होतं, तेही. त्याच दिवशी सोबतिणीने नवे काप घेऊन गाठीकडच्या बाजूने परत खरवडलं, मॅडम स्वतः दुसरी नजर होऊन उभ्या राहिल्या. मी बाहेर बाकावर बसले होते. आज दुपारी आकडा आला.

अडुसष्ट.

आठ आठवडे चौदा मार्चला भरतात. तुझ्या सर्जनने चौदाला सकाळी आठची जागा धरून ठेवली आहे, ते आजच तुला फोन करतील. जा, दादा. मला हवं तेवढं बोल. पण जा.

बारकी


१३ मार्च, दुपारी साडेतीन

दादा,

हे मी तुझ्या जिन्यात बसून लिहितेय, दाराबाहेरच्या दुसऱ्या पायरीवर. वहिनी साखळी न काढता फटीतून एकदा बघून गेली. तिचे डोळे सुजलेत. आतून तुझा आवाज आला, "तिला म्हणावं, आली तशी जा." म्हणून परत कागदच काढला. समोर आले तर तू तोंड फिरवशील, लिहिलेलं तू वाचतोस.

तुझं उत्तर परवा मिळालं. "चौदा म्हणालीस, आता अडुसष्ट. पुढच्या महिन्यात नव्वद म्हणशील. बाबांच्या वेळी तुझी दोन तोंडं होती, आता दोन पत्रं आहेत. यातल्या कुठल्यावर विश्वास ठेवू? सर्जनलाही हेच विचारलं. तो म्हणाला, 'रिपोर्ट दुरुस्त झालाय.' म्हटलं, दुरुस्त चष्मे होतात. मी कुठे जाणार नाही. चौदा मला पटला होता."

शेवटचं वाक्य वाचून मी ताठ बसले. दादा, तुला चौदा पटला कारण तो तुला हवा होता. मलाही हवा होता. बाबांनासुद्धा "ठीक आहे" हवं होतं. आपल्या घरात ही चाल आहे, आणि तिने एक माणूस नेलाय.

कुठल्या पत्रावर विश्वास ठेवू म्हणतोस. कुठल्याच नको. माझी दोन्ही पत्रं चुलीत घाल. मी तुला तिसरा शब्द द्यायला आले नाही. शब्द आता माझ्याकडे शिल्लकच नाहीत.

सोबतचं पाकीट जपून उघड, दोन पुठ्ठ्यांमध्ये काचा आहेत. तुझ्याच आहेत. मॅडम म्हणाल्या, "नमुना त्याचा आहे, त्याला बघायचा हक्क आहे. सही करून घेऊन जा. आणि सोमवारी चौकशीला ये." येणार आहे. पुढे मला त्या टेबलावर बसू देतील असं वाटत नाही. ते माझं मी बघीन.

एक काच जांभळी आहे, तिच्यावर डॉक्टरांनी काढलेला गोल आहे. दुसरी मी खरवडलेली. तिलाही सोबतिणीने काल रंग दिला, म्हणजे तुला नुसत्या डोळ्यांना दिसेल. गर्द जांभळं ढेकूळ दिसतं ती गाठ. फिकट पट्टा दिसतो ते चांगलं आतडं. तुझं ते डोळ्याला लावायचं भिंग काढ आणि पश्चिमेच्या खिडकीशी जा. ऊन अजून दोन तास तरी आहे. दोन्ही काचा एकीवर एक धर. गोल कुठे आहे ते बघ आणि भोक कुठे पडलंय ते बघ. जन्मभर लोकांना काचेतून बघायला शिकवलंस. आज स्वतःसाठी एकदा बघ, माझं काही ऐकू नकोस.

भोक गोलात सापडलं, तर मी खोटारडी. तू घरी बस आणि मला परत तोंड दाखवू देऊ नकोस.

भोक भलतीकडे सापडलं, तर तुझी गाठ त्या दिवशी यंत्राने ऐकलीच नव्हती. ती बोलत होती आणि मी तिच्याजवळ गेलेच नव्हते. मग उद्या सकाळी आठ वाजता जा. मी बरोबर येणार नाही, तुला नको असेल तर. वहिनीला ने.

मला तू जगायला हवा आहेस, दादा. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. सात वर्षं जगले तशी आणखी जगेन, पण तू त्या दुकानात बसलेला आहेस हे मला माहीत असायला हवं. बाकी काही मागत नाही.

दाराखालून सरकवते.

बारकी


१३ मार्च, पावणेपाच

दादा,

पेन्सिलीने लिहितेय, पेन जिन्यातून खाली घरंगळलं.

मी गेलेले नाही. मला आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग खिडकीची कडी काढल्याचा. आणि आत्ता तू वहिनीला विचारलंस ते मला दारातून स्पष्ट ऐकू आलं: "यातली सुलटी बाजू कुठली?"

वहिनीला कुठून माहीत असणार? मी ओरडून सांगणार होते, तोंडाशी आलं होतं. पण तुला माझ्या तोंडचं नको आहे. हा कागद घे.

दोन्ही काचांची खाच उजवीकडे वर येऊ दे. मी म्हणते म्हणून नको. काचेच्या कडेला नंबर कोरलाय, तो सुलटा वाचता आला की समज बरोबर धरली आहेस. एक जरी पालथी धरलीस तर भोक गोलातच दिसेल, म्हणजे पुन्हा चौदाच. घाई करू नकोस, ऊन आहे अजून. आधी नंबर वाच.

त्या दिवशी मला एवढंच बघायचं होतं.